सपाट उच्च-लाभ अँटेना

सपाट उच्च-लाभ अँटेना म्हणजे रेडिओ तरंगांची ऊर्जा एका अरुंद शलाकेत एकवटणारा, पण स्वतःच्या रुंदीच्या मानाने अतिशय कमी उंचीचा अँटेना होय. मराठी शास्त्रीय परिभाषेत अँटेनाला आकाशक असाही शब्द आहे. विमानाचे छत, रेल्वेचा डबा, घराची भिंत, लहान कृत्रिम उपग्रहाची बाजू अशा ठिकाणी अन्वस्त तबकडी, म्हणजे नेहमीची खोलगट ‘डिश’, बसवणे गैरसोयीचे किंवा अशक्य असते. अशा जागांसाठी हे अँटेना विकसित झाले.

त्यांच्या रचनेमागील मूळ वस्तुस्थिती साधी आहे. अँटेनाचा लाभ मुख्यतः त्याच्या पुढील पृष्ठाच्या क्षेत्रफळावर आणि तरंगलांबीवर अवलंबून असतो. अँटेना किती उंच किंवा खोल आहे याला त्यात थेट स्थान नाही. म्हणून उंची कमी करता येते, क्षेत्रफळ मात्र सहसा कमी करता येत नाही. उंचीतील बचतीची किंमत बहुधा पट्टारुंदीत किंवा कार्यक्षमतेत मोजावी लागते.

लाभ आणि क्षेत्रफळ

सर्व दिशांना सारखीच ऊर्जा फेकणारा एक काल्पनिक समदिक अँटेना प्रमाण मानतात. त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष अँटेना एखाद्या दिशेला किती पट शक्ती पाठवतो, ते त्याच्या लाभावरून, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘गेन’ म्हणतात त्यावरून समजते. लाभ डेसिबलमध्ये मोजतात आणि तुलना समदिक अँटेनाशी असल्यास त्या एककाला डीबीआय म्हणतात. १० डीबीआय म्हणजे १० पट, २० डीबीआय म्हणजे १०० पट, ३० डीबीआय म्हणजे १,००० पट.

मोठ्या पृष्ठाच्या अँटेनाचा आदर्श लाभ काढण्यासाठी क्षेत्रफळाला चार पाय या संख्येने गुणून तरंगलांबीच्या वर्गाने भागतात. प्रत्यक्षातील लाभ आदर्श लाभाच्या किती टक्के भरतो, त्याला छिद्र-कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या तबकडीची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असते.

या सूत्राचा अर्थ दोन परिचित उदाहरणांवरून स्पष्ट होतो. घरावरील ६० सेंमी व्यासाची दूरदर्शन तबकडी १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करते, तेथे तरंगलांबी २.५ सेंमी असते. तिचा व्यास तरंगलांबीच्या २४ पट होतो आणि आदर्श लाभ सुमारे ३७.५ डीबीआय येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळील खोडद येथे केंद्र असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिच्या मूळ पट्ट्यांपैकी १५० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी २ मीटर असते. म्हणजे व्यास तरंगलांबीच्या २२.५ पट आणि आदर्श लाभ सुमारे ३७ डीबीआय. एवढी प्रचंड तबकडी त्या वारंवारतेला जवळजवळ घरच्या तबकडीइतकाच लाभ देते. खोडदची तबकडी सपाट केली तरी तिचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवावे लागेल. यावरून सपाट उच्च-लाभ अँटेना प्रामुख्याने काही गिगाहर्ट्‌झच्या वर का आढळतात, हेही कळते.

तबकडीची उंची येते ती तिच्या कार्यपद्धतीतून. ६० सेंमी व्यासाच्या मध्यस्थ फीडच्या तबकडीचे नाभ्यंतर व्यासाच्या ०.४ पट धरले, तर फीड २४ सेंमी पुढे टांगावा लागतो आणि तबकडीला साडेनऊ सेंमींच्या आसपास खोली द्यावी लागते. फीडपासून निघालेला तरंग तबकडीच्या कोणत्याही भागावरून परतला, तरी त्याची कला, म्हणजे फेज, पुढील सपाट प्रतलात सर्वत्र सारखी असावी यासाठी ही वक्रता लागते. ही समकलता वक्रतेऐवजी दुसऱ्या उपायाने साधली, की तबकडीची गरज उरत नाही. पुढील सर्व प्रकार हे त्या दुसऱ्या उपायाचेच निरनिराळे शोध आहेत.

पॅच आणि त्यांचे समूह

सर्वांत चपटा मूलघटक म्हणजे मायक्रोस्ट्रिप पॅच. विद्युत्‌रोधक पत्र्याच्या एका बाजूस अखंड धातूचा थर आणि दुसऱ्या बाजूस सुमारे अर्ध्या तरंगलांबीचा धातूचा चौकोन, एवढीच त्याची रचना. १९५३ साली जॉर्ज देशां यांनी ही कल्पना मांडली. मुद्रित मंडलांचे तंत्र रुळल्यावर १९७०च्या दशकात ती व्यवहारात आली. पॅचची जाडी एक-दोन मिलिमीटर असू शकते. मात्र एका पॅचचा लाभ ६ ते ८ डीबीआयच्या आसपास असतो आणि पातळ पॅचची पट्टारुंदी मध्य वारंवारतेच्या जेमतेम काही टक्के भरते. ती वाढवण्याच्या पद्धतींवर मुंबईच्या आयआयटीतील गिरीश कुमार आणि समीर या संस्थेतील के. पी. रे यांचा ‘ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज’ हा ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला.

लाभ वाढवण्याचा सरळ मार्ग म्हणजे अनेक पॅच एकाच पत्र्यावर मांडून त्यांना समकल संकेत पुरवणे. पॅचची संख्या दुप्पट केली की लाभ ३ डेसिबलने वाढावा, असा हिशेब असतो. कागदावर तो अमर्याद चालतो. प्रत्यक्षात संकेत प्रत्येक पॅचपर्यंत पोचवणाऱ्या छापील तारांमध्ये ऊर्जा वाया जाते, आणि हा व्यय तारेच्या लांबीबरोबर वाढतो.

समजा, तारेत दर सेंटिमीटरला ०.१ डेसिबल व्यय होतो आणि प्रत्येक पॅचपर्यंतची तार समूहाच्या बाजूइतकी लांब आहे. बाजू २० सेंमींवरून ४० केली तर क्षेत्रफळ चौपट होऊन ६ डेसिबल मिळतात, २ डेसिबल तारेत जातात, म्हणजे निव्वळ वाढ ४ डेसिबल. ४० वरून ८० सेंमींवर गेल्यास ६ मिळून ४ जातात. ८० वरून १६० सेंमींवर मिळतात ६ आणि जातात ८. अँटेना मोठा करून लाभ घटतो! या सोप्या प्रतिकृतीत लाभाचा कळस तारेतील व्यय ८.७ डेसिबल होतो तेथे येतो. त्यापुढे एकही पॅच जोडण्यात अर्थ नसतो. कमी व्ययाचा पत्रा वापरून हा कळस पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. मुद्रित मंडलांसाठी सर्रास वापरला जाणारा काच-इपॉक्सीचा पत्रा स्वस्त असला, तरी मोठ्या समूहासाठी उच्च वारंवारतेला याच कारणाने नापसंत ठरतो.

घरगुती वापरातील सपाट समूहाचे गाजलेले उदाहरण ब्रिटनमधील आहे. ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग या कंपनीने १९९० साली सुरू केलेल्या उपग्रह दूरदर्शन सेवेसाठी ‘स्क्वेरियल’ नावाचा चौकोनी सपाट अँटेना पुढे आणला. त्याची बाजू ४० सेंमींहून कमी होती. एवढ्या लहान चौकोनावर चित्र स्वच्छ दिसे, याचे श्रेय एकट्या अँटेनाला देता येत नाही. कंपनीचे मार्कोपोलो उपग्रहच मोठ्या शक्तीने प्रक्षेपण करण्यासाठी बनवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी प्रतिस्पर्धी स्काय टेलिव्हिजनमध्ये विलीन झाली आणि प्रक्षेपण कमी शक्तीच्या, आकाशात वेगळ्या जागी असलेल्या ॲस्ट्रा उपग्रहाकडे गेले. ग्राहकांच्या भिंतींवरील चौकोन निरुपयोगी झाले. अँटेनाचे क्षेत्रफळ उपग्रहाच्या शक्तीशी बांधलेले असते, हे या प्रकरणाइतके ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

त्रिज्यीय खाच-अँटेना

छापील तारांतील व्यय टाळण्यासाठी जपानमध्ये वेगळी वाट धरली गेली. तरंग दोन समांतर धातूच्या चकत्यांमधील पोकळ जागेतून मध्यापासून परिघाकडे पसरू द्यायचा आणि वरच्या चकतीत सर्पिलाकार ओळींनी पाडलेल्या बारीक खाचांतून तो थोडा थोडा बाहेर सोडायचा, अशी ही योजना आहे. पोकळीत वाहणाऱ्या तरंगाचा व्यय छापील तारेपेक्षा खूपच कमी असतो. नाओहिसा गोतो, माकोतो आंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत उपग्रह दूरदर्शनसाठी या अँटेनांचा अभ्यास केला. रचनेतील कौशल्य खाचांच्या लांबीत असते. मध्याजवळ तरंग बलवान असल्याने तेथे खाचा आखूड ठेवून गळती कमी करतात आणि परिघाकडे त्या लांब करत नेतात, जेणेकरून सर्व पृष्ठावरून सारखीच ऊर्जा बाहेर पडावी.

या प्रकाराचा अवकाशातील एक उपयोग लक्षणीय आहे. मे २०१० मध्ये शुक्राकडे निघालेल्या जपानच्या ‘अकात्सुकी’ यानावर उच्च-लाभ अँटेना म्हणून सपाट खाच-अँटेना होता. शुक्राजवळ सूर्यप्रकाश प्रखर असतो. खोलगट तबकडी रेडिओ तरंगांप्रमाणेच उष्णताही नाभीपाशी एकवटते, सपाट चकती तसे करत नाही. येथे सपाटपणा जागेसाठी जितका उपयोगी होता, तितकाच तापमानासाठीही. डिसेंबर २०१४ मध्ये निघालेल्या ‘हायाबुसा-२’ यानावरही सपाट चकतीचे दोन उच्च-लाभ अँटेना बसवले होते.

परावर्तक समूह

परावर्तक समूहात, ज्याला इंग्रजीवरून ‘रिफ्लेक्टअ‍ॅरे’ म्हणतात, तबकडीप्रमाणे पुढे फीड असतो, पण वक्र पृष्ठाऐवजी सपाट फळी असते. फळीवर शेकडो पॅच छापलेले असतात. फीडपासून दूरच्या पॅचपर्यंत तरंग उशिरा पोचतो. तो उशीर भरून निघावा म्हणून प्रत्येक पॅचचा आकार किंचित वेगळा ठेवून परावर्तनाची कला बदलतात. परिणामी फळी सपाट असूनही अन्वस्तासारखी वागते. १९६३ साली बेरी, मॅलेक आणि केनेडी यांनी ही संकल्पना तरंगमार्गदर्शकाच्या तुकड्यांनी सिद्ध केली, परंतु ती रचना अवजड होती. छापील पॅचमुळे ती हलकी झाली.

या प्रकाराची सर्वांत कसोटीची परीक्षा मंगळाजवळ झाली. ५ मे २०१८ रोजी ‘इनसाइट’ या मंगळयानासोबत ‘मार्को’ नावाचे दोन लहान उपग्रह निघाले. प्रत्येकाचा आकार हाताने उचलून नेता येणाऱ्या पेटीएवढा होता. २६ नोव्हेंबर रोजी इनसाइट मंगळाच्या वातावरणात शिरून उतरत असताना त्याचे संकेत झेलून लगेच पृथ्वीकडे पाठवणे हे त्यांचे काम. मंगळाभोवती फिरणारे ‘मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर’ हे यान ते संकेत नोंदवणार होते, पण एका पट्ट्यात ऐकत असताना त्याच वेळी दुसऱ्या पट्ट्यात पाठवण्याची सोय त्यात नव्हती. नोंद पृथ्वीवर काही तासांनी मिळाली असती.

मार्कोच्या प्रक्षेपकाची शक्ती सुमारे ५ वॉट, म्हणजे लहान एलईडी दिव्याइतकी होती. त्या दिवशी संकेताला पृथ्वीवर पोचायला सुमारे आठ मिनिटे लागत होती. एवढ्या अंतरावरून सेकंदाला ८,००० बिट पाठवायचे तर उच्च-लाभ अँटेनाला पर्याय नव्हता, आणि यानात तबकडीसाठी जागा नव्हती. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी तीन फळ्यांचा परावर्तक समूह केला. प्रक्षेपणाच्या वेळी फळ्या घडी होऊन यानाच्या अंगाला चिकटून बसत आणि अवकाशात उलगडून सुमारे ६० बाय ३३.५ सेंमींचे एक पृष्ठ तयार होई.

या अँटेनाचा लाभ ८.४ गिगाहर्ट्‌झला सुमारे २९.२ डीबीआय होता. वरील सूत्राने तेवढ्या पृष्ठाचा आदर्श लाभ ३३ डीबीआय येतो. म्हणजे कार्यक्षमता सुमारे ४२ टक्के. केवळ कार्यक्षमतेवरून पाहिले तर हा आकडा सामान्य वाटतो. फीडची काही ऊर्जा फळीच्या कडांबाहेर सांडते, आणि फीड जवळ व एका बाजूस ठेवावा लागल्याने पृष्ठ असमान उजळते. तथापि घडी केल्यावर जवळजवळ नाहीशा होणाऱ्या वस्तूकडून हजारपटीच्या जवळ जाणारा लाभ मिळाला, हे अधिक महत्त्वाचे. दोन्ही मार्को उपग्रहांनी उतरण्याच्या सर्व टप्प्यांची माहिती वेळच्या वेळी पुढे पाठवली आणि पाठोपाठ मंगळभूमीवरून आलेले पहिले छायाचित्रही.

परावर्तक समूहाची मर्यादा पट्टारुंदीची आहे. दूरच्या पॅचला होणारा उशीर अनेक तरंगलांब्यांचा असला, तरी पॅच फक्त एका तरंगलांबीच्या आतील कला भरून काढतो. पूर्ण तरंगलांब्या सोडून दिलेल्या असतात. वारंवारता बदलली की हा हिशेब चुकतो आणि शलाका विस्कटते. मार्कोला ठरावीक अरुंद पट्टाच लागत होता, त्यामुळे ही उणीव त्याला बाधली नाही.

अनुस्पंदक पोकळीचा अँटेना

वरील प्रकारांत एक तर संकेत वाटणारे जाळे लागते किंवा पुढे फीड टांगावा लागतो. दोन्ही टाळणारा प्रकार म्हणजे अनुस्पंदक पोकळीचा अँटेना. १८९९ साली शार्ल फाब्री आणि आल्फ्रेद पेरो यांनी प्रकाशासाठी केलेल्या व्यतिकरणमापकाशी साम्य असल्याने त्याला फाब्री-पेरो अँटेना असेही म्हणतात. रेडिओ तरंगांसाठी फॉन ट्रेंटिनी यांनी १९५६ साली त्याचे विवेचन प्रसिद्ध केले.

तळाशी धातूचा पत्रा, त्यावर मध्यभागी एकच पॅच, आणि काही अंतरावर वर अंशतः परावर्तन करणारी जाळी किंवा छापील ठिपक्यांचे पृष्ठ, अशी ही रचना असते. पॅचमधून निघालेला तरंग वरच्या पृष्ठावर आदळतो. त्याचा थोडा भाग पार जातो, बाकीचा परततो, तळावरून पुन्हा वर येतो. प्रत्येक फेरीत तरंग मध्यापासून बाजूला पसरत जातो आणि प्रत्येक वेळी थोडा बाहेर पडतो. सर्व फेऱ्यांतून बाहेर पडणारे तरंग समकल असले, तर एका लहान पॅचची ऊर्जा मोठ्या पृष्ठावरून बाहेर पडल्यासारखी होते. पसरत जाणाऱ्या या तरंगाकडे ‘गळका तरंग’ म्हणूनही पाहता येते.

वरच्या पृष्ठाचा परावर्तन गुणांक ०.९ असेल, तर ट्रेंटिनी यांच्या सूत्रानुसार लाभ १९ पट, म्हणजे सुमारे १२.८ डेसिबलने वाढतो. ७ डीबीआयचा पॅच त्यामुळे जवळजवळ २० डीबीआय देतो. त्यासाठी पृष्ठ पुरेसे रुंद हवेच: १० गिगाहर्ट्‌झला, ५० टक्के कार्यक्षमता धरल्यास, सुमारे १२ सेंमी बाजूचा चौकोन लागतो. क्षेत्रफळाचा नियम येथेही सुटत नाही.

उंचीचा प्रश्न पोकळीच्या अटीतून सुटतो. धातूवरून परावर्तित होताना तरंगाची कला १८० अंशांनी उलटते आणि वरच्या जाळीवरूनही जवळजवळ तेवढीच. दोन्ही उलटापालटी मिळून ३६० अंश, म्हणजे शून्याइतक्याच होतात. म्हणून वर-खाली एका फेरीचे अंतर एक पूर्ण तरंगलांबी, अर्थात पोकळीची उंची अर्धी तरंगलांबी असावी लागते. १० गिगाहर्ट्‌झला ती १५ मिमी येते.

आता तळाचा पत्रा असा बदलला की त्यावरून परतणारा तरंग उलटतच नाही, तर एकच उलटापालट उरते आणि ती भरून काढायला फेरीत अर्धी तरंगलांबी पुरते. पोकळीची उंची पाव तरंगलांबीवर येते: १५ ऐवजी ७.५ मिमी. निसर्गात असे पृष्ठ मिळत नाही. ते तरंगलांबीहून खूप लहान धातूच्या ठिपक्यांच्या नक्षीने घडवावे लागते आणि त्याला कृत्रिम चुंबकीय संवाहक म्हणतात. डॅनियल सीव्हनपायपर व सहकाऱ्यांनी १९९९ साली अळंबीच्या आकाराच्या घटकांचे असे पृष्ठ दाखवले. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील फेरेसिडिस, गूसेटिस, वांग आणि वार्डाक्सोग्लू यांनी २००५ साली ते पोकळीच्या अँटेनात वापरून उंची निम्म्यावर आणली. वरच्या पृष्ठाची कलाही तशीच बदलली, तर उंची आणखी खाली जाते. कलेच्या अटीपुरते बोलायचे तर ती शून्याकडेही नेता येईल.

तिला अडवते ती पट्टारुंदी. साध्या अर्ध्या तरंगलांबीच्या पोकळीत गुणांक ०.९ असता पट्टारुंदी ३ टक्क्यांच्या थोडी वर असते, गुणांक ०.९५ करून लाभ ३ डेसिबलने वाढवला की ती निम्म्याहून थोडी खाली घसरते. नक्षीदार पृष्ठांची कला वारंवारतेबरोबर झपाट्याने बदलत असल्याने पातळ पोकळीत ती आणखी आक्रसते. शिवाय तरंग त्या नक्षीवरून अनेकदा परततो, त्यामुळे तिच्यातील लहानसा व्ययही प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा मोजला जातो. उपग्रहाकडे एकाच पट्ट्यात बोलणाऱ्या यंत्रणेला हा सौदा परवडतो, रुंद पट्टा वापरणाऱ्या रडारला सहसा नाही.

क्षेत्रफळही कमी करता येईल का

तत्त्वतः येते, हा विषयातील सर्वांत चकवा देणारा भाग आहे. १९४६ साली उझकोव यांनी दाखवले की समदिक स्रोत एका ओळीत अगदी जवळजवळ ठेवून योग्य प्रवाह दिल्यास त्यांची दिशिकता स्रोतांच्या संख्येच्या वर्गाइतकी होऊ शकते. ४ स्रोतांपासून १६ पट. याला अतिदिशिकता म्हणतात. यासाठी शेजारच्या घटकांत मोठे आणि परस्परविरुद्ध प्रवाह लागतात. ते दूरवर एकमेकांना बहुतांश खोडून काढतात आणि धातूत मात्र पूर्ण तापतात. त्यामुळे दिशिकता वाढली तरी व्यय वजा केल्यावरचा लाभ वाढेलच असे नाही. प्रवाहात एखाद्या टक्क्याची चूकही परिणाम नष्ट करते. लहान अँटेनाच्या पट्टारुंदीवर मुळातच एक कमाल मर्यादा असते, हे लॅन जेन चू यांनी १९४८ साली सिद्ध केले होते. प्रयोगशाळेत दोन-तीन घटकांचे अतिदिशिक अँटेना यशस्वी झाले आहेत. व्यवहारातील उच्च-लाभ अँटेना आजही क्षेत्रफळावरच उभे आहेत.

बसवण्याचा कोन

सपाट अँटेना छतावर आडवा बसवला आणि उपग्रह डोक्यावर नसला, तर शलाका विद्युत्‌पद्धतीने तिरपी करावी लागते. तेव्हा उपग्रहाच्या दिशेने दिसणारे क्षेत्रफळ कोनाच्या कोज्येइतके घटते. ६० अंशांना ते निम्मे होते आणि ३ डेसिबल जातात. मुंबईहून ८३ अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर दिसतो, त्यामुळे आडव्या फळीचे नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आतच राहते. लंडनहून थेट दक्षिणेकडील भूस्थिर उपग्रह ३१ अंशांवरच असतो, आणि तेथे तीच फळी जवळजवळ निम्मे क्षेत्रफळ गमावते. उत्तरेकडील देशांतील चालत्या वाहनांवर म्हणूनच सपाट अँटेना गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो, किंवा खाली फिरते बैठक देऊन तो थोडा उचलावा लागतो आणि वाचवलेल्या उंचीचा काही भाग परत द्यावा लागतो.